खाली जाऊन येते

गेल्या गुरुवारी मला मेमो मिळाला. पंधरा वर्षांच्या नोकरीतला पहिला. गुन्हा असा, की ड्यूटीवर असताना मी सात मिनिटे नेमून दिलेल्या जागी नव्हते. त्या सात मिनिटांत मी चौथ्या मजल्यावरच्या लिनन रूममध्ये, धुऊन आलेल्या चादरींच्या गाठोड्यावर बसून दीड चपाती आणि गवारीची भाजी खात होते. अर्धी चपाती डब्यातच राहिली, कारण बेल वाजली. आता हे सात मिनिटांचं प्रकरण बघा. पाच नाही, दहा नाही, सात. लिनन रूममध्ये घड्याळ नाही, कॅमेरा नाही, आणि मावशी त्या वेळी बेडपॅन धूत होत्या. मग एवढा नेमका आकडा साहेबांना सांगितला कोणी?

साहेब म्हणजे आमचे ऑपरेशन्सचे साहेब, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी विचारलं आणि लसीच्या सुईला घाबरलेल्या पोराला चुचकारावं तशा आवाजात म्हणाले, "सिस्टर, ब्रेक घ्यायला कुणाची ना आहे का? पण सांगून जायचं ना. आपला ब्रदर बघा. दर वेळी सांगून जातो."

आपला ब्रदर!

वॉर्डात आम्ही बायका आपापसात या पुरुष नर्सला धूमकेतू म्हणतो. हॅलेचा धूमकेतू ७६ वर्षांनी एकदा येतो, आमचा दर दीड तासाने एकदा जातो. शेपूट मात्र दोघांनाही आहे, आमच्याच्या शेपटाला वर पुदिन्याच्या गोळीचा वास येतो. पोरगा वाईट नाही हो. लातूरकडचा आहे, हाताला गुण आहे. ज्या म्हातारीची शीर मला दोनदा टोचून सापडत नाही, तिला हा गप्पा मारता मारता एका टोच्यात कॅन्युला लावतो. पण लावला की पट्टी चिकटवायच्या आत त्याचं वाक्य तयार असतं. "ताई, खाली जाऊन येतो. आलोच!"

मराठीत जाताना 'जातो' म्हणायची पद्धत नाही, 'येतो' म्हणतात. आईने लहानपणी याच्यासाठी माझ्या पाठीत धपाटे घातलेत. पण 'आलोच' ही त्याच्याही पुढची पायरी आहे. माणूस अजून गेलेलाही नसतो आणि व्याकरणाने परत आलेला असतो! त्याला उशीर झाला असं म्हणायचं तरी कसं?

तो गेला की त्याचे अकरा पेशंट माझ्याकडे येतात. माझे अकरा असतातच. मेडिकल कॉलेजशी न जोडलेल्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स असावी, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे. आमच्याकडे ते फ्रेम करून लावलेलं नाही. फ्रेममध्ये नाइटिंगेलबाई आहेत, हातात दिवा घेऊन. दर १२ मेला त्यांच्या फोटोला हार, आम्हाला एकेक गुलाब आणि केकचा एवढासा तुकडा. केकसुद्धा उभ्याने खायचा.

मूळ सिगारेट ओढायला पाच-सहा मिनिटं लागतात. आमच्या जुन्या सिस्टर सांगतात, पूर्वी जिन्याच्या वळणावर नाहीतर गच्चीच्या दाराशी काम उरकायचं. मग २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नियम आणखी कडक झाले. सार्वजनिक जागी ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड. तीस खोल्यांच्या हॉटेलला, तीस खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला, विमानतळाला ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवायची मुभा आहे, हॉस्पिटलला नाही. छातीचे पेशंट रोज बघत असल्यामुळे मला हे शंभर टक्के मान्य आहे. पण परिणाम बघा. आता धूमकेतूला लिफ्टची वाट बघायची, स्ट्रेचरला आधी जाऊ द्यायचं, गेटबाहेर पडायचं, सिग्नल ओलांडायचा, टपरी गाठायची, ओढायची, गोळी चघळायची, हात धुवायचे आणि परत सगळं उलट करायचं. सरकारने सिगारेटवर बंदी घातली आणि माझ्या वाट्याला वीस मिनिटांचं एकटेपण आलं.

शुक्रवारी सकाळी मी तोंड पाडून चौदा नंबरचं बीपी घेत होते. चौदा नंबरला आमचे काका. बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, वय ७१, सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार. चाळीस वर्षं बिडी ओढून छातीचा भाता केलाय. आडवं झालं की दम लागतो म्हणून दिवसभर पलंगाची मान वर करून बसलेले असतात. त्या पलंगावरून नर्सिंग स्टेशन, लिफ्ट आणि अख्खा पॅसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो.

"सिस्टर, आज चेहरा का असा?"

मी सांगून टाकलं. पेशंटला सांगू नये, पण सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, ऑक्सिजनची नळी नाकात नीट बसवली आणि उशीखालून एक घडी केलेला कागद काढला. मूळचा कोरा कागद, त्यावर पेनाने रकाने पाडलेले.

"हे काय?"

"वे-बिल."

"कसलं?"

"तुमच्या वॉर्डाचं. बसून बसून करायचं काय माणसाने? हा बघा, ब्रदर. कालच्या चार फेऱ्या. पहिली सुटली ८.४० ला, आली ८.५६ ला, सोळा मिनिटं. दुसरी सतरा, तिसरी पंधरा. चौथी अठरा, तिला ट्रॅफिक लागला असणार. एकूण ६६."

"आणि डॉक्टर?"

"त्यांच्या दोन फेऱ्या. पण ते लिमिटेड. मधे कुठे थांबत नाहीत, नऊ मिनिटांत हजर."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हिशेब ठेवला होता. मी बीपीचा पट्टा सोडायचं विसरले.

"सव्वीस ड्यूट्यांनी गुणा," काका म्हणाले. स्वतःच गुणलं, ओठ हलवत, बोटाने चादरीवर आकडे काढत. "१७१६ मिनिटं. साडेअठ्ठावीस तास. तुमची पाळी साडेसहा तासांची ना? म्हणजे महिन्याला चार ड्यूट्या तो टपरीवर करतो. पगारी."

"आणि मी, काका? मी कुठाय यात?"

"तुम्ही रिंग रूट."

"म्हणजे?"

"शेवटचा स्टॉपच नाही. सुटायचं, फिरायचं, परत तिथेच. शेवटचा स्टॉप असला की कंडक्टर उतरणार, चौकीवर सही करणार, चहा मारणार. तुमची गाडी थांबणार कुठे? स्टॉपच नाही तर चहा कुठला?" इथे त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाठीवर हात फिरवला. उबळ ओसरल्यावर ते आवाज खाली घेऊन म्हणाले, "एक सांगू? तुम्ही ओढायला लागा."

"काका! छातीचा एक्स-रे बघितलात ना स्वतःचा?"

"बघितला. खराबच आहे. पण चाळीस वर्षांत एक टर्मिनस चुकवलं नाही मी. अहो, खरी ओढू नका. नुसती हातात धरा. डबा घेऊन निघालात तर दहा जण विचारतील, सिस्टर, कुठे? लायटर घेऊन निघा, कोण विचारतंय?"

स्टुलावर काकू मोसंबं सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना नका नाही ते शिकवू. आणि घरी मी चहा प्यायला किती मिनिटं बसते, ते कधी लिहिलंत का?"

काकांनी कागदाची घडी करून उशीखाली सारला.

माझा राग सिगारेटवर आहे असं वाटत असेल तर तसं नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, मग शरीर हाक मारतं, हे आम्हाला शिकवलेलं आहे. ती हाक सगळ्यांना ऐकू येते. मला, डॉक्टरांना, साहेबांना. "जाऊ द्या हो, त्याला लागते," असं आम्हीच एकमेकींना सांगतो. आणि आम्हाला? पेशंटच्या युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, किती उतरलं ते मी मिलीमध्ये लिहून ठेवते, ५० कमी पडलं तर डॉक्टरांना फोन करते. मी स्वतः सकाळी पावणेसहाला घरून निघताना गेलेली असते, ती थेट दुपारी अडीचला. पाणीच प्यायचं नाही म्हणजे प्रश्न मिटला. आमच्यातल्या निम्म्या जणींना वर्षातून एकदा तरी लघवीचं इन्फेक्शन होतं आणि आम्ही एकमेकींना शहाण्यासारखं सांगतो, पाणी जास्त पी. कागदावर अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी आहे. कागद चांगल्या जाडीचा आहे.

तोक्योमधल्या एका कंपनीने २०१७ साली न ओढणाऱ्यांना वर्षाला सहा दिवसांची जादा पगारी रजा दिली होती. त्यांचं ऑफिस २९ व्या मजल्यावर, ओढणारे लिफ्टने तळघरात जायचे, त्यावरून बाकीच्यांनी कुरकुर केली. मी हे धूमकेतूला सांगितलं. त्याने अगदी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "ताई, तिकडे नर्सेसची भरती आहे का?"

शनिवारी मी ठरवलं. अकराची इंजेक्शनं देऊन झाली, ट्रॉली भिंतीला लावली आणि मोठ्याने म्हणाले, "ब्रदर, खाली जाऊन येते."

"खाली? म्हणजे... कुठे खाली?"

"खाली."

"पण ताई, सात नंबरची सलाईन..."

"आलेच!"

लिफ्टचं दार बंद होताना त्याचा चेहरा बघितला. जत्रेत आई दिसेनाशी झाल्यावर पोराचा होतो तसा. त्या एका क्षणासाठी दुसरा मेमोही चालला असता मला.

सुट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२० सालापासून बंदी आहे, ती बातमी आमच्या सिग्नलपलीकडच्या टपरीवर अजून पोचलेली नाही. खांबाला सुतळीने लायटर बांधलेला आणि त्याच्याभोवती आमचं अर्धं हॉस्पिटल. आमचे डॉक्टर, फार्मसीतला मुलगा, फिजिओवाले. जरा बाजूला, उभ्या टेम्पोच्या आडोशाला आयसीयूची एक नवी सिस्टर, युनिफॉर्मवर जॅकेट चढवलेली. तिने मला बघितलं आणि अर्धी उरलेली सिगारेट पायाखाली चिरडून पळाली. ब्रदर ओढतो तो ब्रेक, तिने ओढली की चारित्र्य. तिलाही मी घाबरवलं याचं मला अजून वाईट वाटतंय.

टपरीवाला म्हणाला, "मॅडम, चहा?" मी कटिंग घेतला. उभं राहून ऐकू लागले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की दर महिन्याच्या पंचवीस तारखेला आमच्या बोर्डावर लागते ती ड्यूटी लिस्ट इथे बनते. दिवाळीत ऑफ कुणाला, नाईट कुणाच्या गळ्यात. डायलिसिसला एक जागा निघणार होती, सोमवार ते शनिवार, फक्त दिवसपाळी. त्या जागेसाठी मी दोन वर्षांत तीन अर्ज दिलेत, टाइप करून. फार्मसीतला मुलगा सहज म्हणाला, "ती तर ब्रदरला मिळाली ना? परवा इथेच ठरलं."

कुणाशी ठरलं, ते विचारायची वेळ आली नाही. टपरीमागून साहेब पुढे आले. दोन बोटांत सिगारेट, तिच्या टोकाला चांगली इंचभर राख.

"अरे सिस्टर! तुम्ही इकडे?" आणि मग, मनापासून काळजीने, "सांगून आलात ना?"

चहा अर्धा टाकून मी वर आले. सातची सलाईन ब्रदरने बदललेली होती, म्हणजे माझी तक्रारही नीट बसेना. चौदा नंबरवर काका वाटच बघत होते.

"११.०५ ते ११.१६. अकरा मिनिटं," ते म्हणाले. "पहिल्या फेरीला ठीक आहे. तेवढं पान उलटा, तुमचं खातं मागच्या बाजूला आहे."

मी कागद उलटला. अक्षर सुंदर आहे त्यांचं, आकडे तर छापल्यासारखे. वरच्याच ओळीत लिहिलं होतं : गुरुवार. सिस्टर. १२.२० ते १२.२७. चादरीची खोली. आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'न सांगता'.

"काका, हे कुणाला दाखवलंत?"

"साहेब राउंडला आले होते ना गुरुवारी. आमची सर्व्हिस कशी वाटते म्हणाले. मी दोन्ही बाजू वाचून दाखवल्या."

"ब्रदरच्या ६६ मिनिटांसकट?"

"सकट म्हणजे? पहिल्यांदा तीच वाचली. ते म्हणाले, तो सांगून जातो." काका माझ्याकडे अगदी निर्मळ चेहऱ्याने बघत होते. "काय करणार सिस्टर, हिशेबात आपपर करता येत नाही. आम्हाला आठ आणे कमी भरले तरी खिशातून घालायला लागायचे."

साडेअकराचं नेब्युलायझर द्यायची वेळ झाली होती. मी औषध भरलं, मशीन सुरू केलं, काकांच्या तोंडाला मास्क लावला आणि मागचं इलॅस्टिक जरा घट्टच ओढलं.