‘या चिचुंद्रीवर लक्ष ठेवायला हवं’

परवा एका मालिकेची मराठी सबटायटल्स तपासत होतो. पडद्यावर डॉक्टर पेशंटच्या मानेकडे बारकाईनं बघते आणि खाली ओळ उमटते, ‘या चिचुंद्रीवर लक्ष ठेवायला हवं.’

पाच मिनिटं नुसता हसत बसलो. मूळ शब्द एम-ओ-एल-ई, ‘मोल’. कोश उघडला की बहुतेकदा पहिली भेट होते ती जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या, मखमली अंगाच्या प्राण्याशी. घाईतल्या माणसानं तोच उचलला. (चिचुंद्री म्हणजे तो प्राणीसुद्धा नव्हे, पण ते जाऊ दे.)

माझी तक्रार मात्र चिचुंद्रीबद्दल नाहीच. अशा वेळी सगळे कौतुकानं म्हणतात ना, ‘बघा, एका शब्दाचे केवढे अर्थ!’, ते मला पटत नाही. एक शब्द कुठला? चांगल्या इंग्रजी कोशात ‘मोल’च्या चार-पाच वेगळ्या नोंदी असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक १, २, ३ असे आकडे असतात. त्या आकड्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. आपलं ‘पान’ घ्या. झाडाचं पान आणि वहीचं पान हा एकच शब्द, ‘पर्ण’पासून आलेला, झाडावरून वहीत उतरलेला. पण मद्यपानातलं ‘पान’? ते ‘पा’ म्हणजे पिणे या धातूचं. दिसायला जुळी भावंडं, नात्यानं कुणीच नाहीत.

‘मोल’चं तेच. त्वचेवरचा मोल जुन्या इंग्रजीतला, ‘डाग’ अशा अर्थाचा. प्राण्याचा मोल वेगळा. त्याला पूर्वी ‘मोल्डवॉर्प’ही म्हणत, म्हणजे माती फेकणारा. या प्राण्यानं राजकारणातही हात मारून घेतलाय. १७०२ साली इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा घोडा अडखळला, तो म्हणे अशाच एका मोलनं उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर. राजाचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि थोड्याच दिवसांत तो वारला. त्याचे विरोधक, जॅकोबाइट्स, त्यानंतर ‘काळ्या मखमलीतल्या छोट्या सद्गृहस्था’च्या नावानं पेले उंचावू लागले. द्वेषालासुद्धा इतकी नजाकत असावी, हे मला भारी आवडतं.

शत्रूच्या गोटात वर्षानुवर्षं दबा धरून बसलेला हेर, तोही ‘मोल’. तो मात्र याच प्राण्याचा वारस. जमिनीखाली राहायचं, आतून पोखरायचं. ही वापरातली वाढ आहे, वहीच्या पानासारखी. जॉन ल कारे यांच्या १९७४च्या कादंबरीनं ती घरोघरी पोचवली.

आता खरी गंमत. बंदरात लाटा अडवायला दगडांची जाडजूड भिंत घालतात, तिलाही ‘मोल’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘मोलेस’पासून आला, म्हणजे अवजड रास. त्याच ‘मोलेस’ला लघुत्वाचा प्रत्यय लागून पुढे ‘मॉलिक्युल’ झाला, म्हणजे इवलीशी रास, आपला रेणू. त्यावरून जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९०च्या दशकात ‘मोल’ हे एकक घडवलं. म्हणजे बारावीत ज्यानं आपला घाम काढला, तो मोल आणि बंदरातला धक्का सख्खे चुलतभाऊ! ‘डिमॉलिश’ही याच घराण्यातला, रचलेलं पाडून टाकणारा. २० मे २०१९पासून एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. अठरा ग्रॅम पाणी घेतलं, की साधारण तेवढे रेणू झाले.

आणि जिथे नातं अगदी उघड वाटतं, तिथे ते नसतं. दाढेला इंग्रजीत ‘मोलर’ म्हणतात, लॅटिन ‘मोला’ म्हणजे जातं यावरून. प्रयोगशाळेतलं ‘मोलर’ द्रावण मात्र वर सांगितलेल्या रेणूवाल्या मोलचं. मेक्सिकोतला ‘मोले’ हा सॉसही त्याच स्पेलिंगचा. स्पॅनिशमध्ये ‘मोलेर’ म्हणजे दळणं, त्यामुळे वाटलेल्या मसाल्याला ‘मोले’ हे कुणालाही पटेल. पण शब्द मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला, ‘मोल्ली’ म्हणजे सॉस. ‘ग्वाकामोले’ या ॲव्होकाडोच्या चटणीच्या शेपटीत हाच बसलाय. पटण्यासारखी व्युत्पत्ती दिसली की मी हल्ली आधी संशय घेतो.

तर मी ती ओळ दुरुस्त केली, ‘या तिळावर लक्ष ठेवायला हवं,’ आणि पाठवून दिली. संध्याकाळी पुढच्या तपासनिसाचा शेरा आला: ‘इथे खाण्याचा पदार्थ दिसत नाही. संदर्भ तपासावा.’