शेवटच्या सेमिस्टरला शाल-श्रीफळ देऊन नोकऱ्या लागत नाहीत

फेब्रुवारी उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी कॉलेजांना एकदम आठवतं, तिसऱ्या वर्षाची मुलं आता नोकरी शोधणार. मग हॉल बुक होतो, बॅनर लागतो, तीनशे मुलं कोंबली जातात. पाऊण तास सत्कार, तासभर "कॉन्फिडन्स ठेवा, पॉझिटिव्ह राहा", आणि शेवटी जिओटॅग केलेला फोटो. फोटो आणि हजेरीपत्रक नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) पाचव्या निकषाच्या फाइलला लागतं. मुलांच्या हाती काय पडतं? काहीही नाही. आणि चार महिन्यांनी हीच माणसं स्टाफरूममध्ये बसून म्हणतात, "हल्लीच्या मुलांना काही येतच नाही." अहो, शिकवलंत कधी?

ज्या गोष्टी पहिल्या वर्षीच सांगायच्या, त्या शेवटच्या वर्षी कळतात. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे 60 टक्के मागतात आणि लाइव्ह केटी, म्हणजे अजून न सुटलेला नापास विषय, चालवून घेत नाहीत. हे पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं, तर मूल केटी अंगावर घेताना दहादा विचार करेल. सहाव्या सेमिस्टरला सांगून कुणाचं भलं होतं? तेव्हा त्या मुलाला फक्त रांगेतून बाहेर काढायचं काम उरतं, आणि तेवढं मात्र प्लेसमेंट सेल चोख करतो.

आता रेझ्युमे. अख्ख्या वर्गाचा एकच नमुना, कुठल्या तरी सीनियरकडून आलेला. वर "करिअर ऑब्जेक्टिव्ह", खाली वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, आणि शेवटी "वरील माहिती खरी आहे" म्हणून सही. नाहीतर मग कॅनव्हावरचा दोन कॉलमचा रंगीत नमुना, त्यात "जावा 80 टक्के" अशा पट्ट्या. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम असले की ते बऱ्याचदा आडव्या ओळीने वाचत जातं, डावीकडचं शिक्षण उजवीकडच्या छंदांत मिसळतं. पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र असेल तर हाती काहीच लागत नाही. हे तपासायला एक मिनिट लागतं: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा, वाचा. तिथे क्रम बिघडला असेल तर रेझ्युमे बिघडलेला आहे. ही एवढी साधी गोष्ट तीन वर्षांत एकदाही करून दाखवत नाहीत!

फ्रेशरला एक पान पुरतं. नाव, मोबाईल, धड ईमेल, राहतो ते ठिकाण (कळवा, डोंबिवली, नेरूळ एवढंच, महापे किंवा ऐरोलीचा एचआर येण्याजाण्याचा अंदाज घेतो), शिक्षण, आणि मग प्रोजेक्ट. प्रोजेक्टखाली "आम्ही केलं" चालत नाही. चौघांपैकी तू काय केलंस ते लिही. विकत घेतलेलं "लायब्ररी मॅनेजमेंट" घेऊन मूल मुलाखतीला बसतं आणि "या टेबलची प्रायमरी की कोणती?" या दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतं. प्रोजेक्ट विकत आणलेत हे गाइडला माहीत असतं. तरी सही होते. याची चीड येऊ नये तर कशाची यावी?

मॉक इंटरव्ह्यूला म्हणे वेळ नाही. हिशोब करू या. वर्गात 60 मुलं, प्रत्येकाला 15 मिनिटं, म्हणजे 15 तास. पाच प्राध्यापकांत वाटले तर प्रत्येकी तीन तास. अख्ख्या वर्षात तीन तास निघत नाहीत, आणि पारंपरिक वेशभूषा दिवसाला दोन दिवस वर्ग बंद राहतात. त्यातही मराठी माध्यमातून आलेल्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान. त्यांना "इंग्लिश सुधारा" एवढंच सांगून वाटेला लावतात. त्यांना स्वतःचं काम आधी मराठीत दोन मिनिटं सलग सांगायला लावा, मग तेच छोट्या इंग्रजी वाक्यांत, फोनवर रेकॉर्ड करून. सांगण्यासारखं काही आहे हे एकदा कळलं की अर्धी भीती जाते. पाठ केलेलं "टेल मी अबाऊट युवरसेल्फ" मधेच तुटतं आणि पुढचं सगळंच विस्कटतं.

बीकॉमवाल्यांकडे तर कुणी बघतसुद्धा नाही. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांना, तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या गाळ्यांना अकाउंट्स असिस्टंट लागतात. त्यांचे प्रश्न ठरलेले: टॅलीत परचेस एंट्री कर, बँक रिकन्सिलिएशन कर, एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट करून दाखव. जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) महिन्याच्या 11 तारखेला आणि 3बी (कर भरायचं विवरणपत्र) 20 तारखेला, टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) 7 तारखेच्या आत भरायचा, हे मासिक चक्र पोराला माहीत नसतं, कारण पुस्तकात फक्त व्याख्या होत्या.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ऑफर लेटरवर, आणि तिथे तर कॉलेज पेढे वाटून मोकळं होतं. 3 लाख 60 हजारांचं पॅकेज. घरी सगळे म्हणतात, महिना 30 हजार. आता नीट मांडून बघा. बेसिक 15,000 धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,800, सीटीसीतच (कंपनी तुझ्यावर करते त्या एकूण खर्चातच) धरलेला. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या 4.81 टक्के, साधारण 720. दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), म्हणजे 3,000, तेही मिळाले तर. उरले 24,480. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300). हातात येतात साडेबावीस हजारांच्या आत. विम्याचा हप्ता धरला असेल तर आणखी कमी. नेरूळला रूम घेऊन राहणाऱ्या पोराला हा साडेसात हजारांचा फरक पहिला पगार झाल्यावर कळतो. हे गणित फळ्यावर मांडायला वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

बाँडबद्दल (मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) तर धडधडीत चुकीचं सांगितलं जातं. "सही कर, बाँड कोर्टात टिकत नाही." मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षं आणि 2 लाखांचा बाँड वैध ठरवला आहे. प्रत्येक बाँड तसा टिकेलच असं नाही, पण रक्कम, मुदत आणि ट्रेनिंगचा खर्च वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे शिकवायला हवं. ओरिजिनल मार्कशीट किंवा कोरा चेक कुणी ठेवून घेत असेल तर सरळ उठून यायचं. लॅपटॉप डिपॉझिट किंवा रजिस्ट्रेशनचे पैसे मागणारी नोकरी ही नोकरीच नव्हे. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या "बॅक ऑफिस, अनुभव नको" छापाच्या जाहिरातींना दरवर्षी पोरं बळी पडतात.

कागदपत्रांचंही तेच. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव अर्धवट. जॉइनिंगच्या आठवड्यात पडताळणी अडकते, आधार जुळत नाही म्हणून पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) निघत नाही. पाचव्या सेमिस्टरला तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासले असते तर दुरुस्तीला सहा महिने मिळाले असते.

आणि ओजेटी, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग! नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत 4 क्रेडिटचं, म्हणजे साधारण 120 तासांचं प्रत्यक्ष काम. हातात सोन्यासारखी संधी आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कारखाने, आयटी पार्क, गोदामं पसरलेली आहेत, आणि कॉलेज मुलांना सांगतं, "तुमचं तुम्ही शोधा." मग काकांच्या दुकानाचा शिक्का मारून सर्टिफिकेट येतं. 120 तास कागदावर पूर्ण. प्लेसमेंट सेलने वर्षभरात वीस कंपन्यांचे उंबरे झिजवले असते, तर त्याच ओजेटीतून कित्येकांच्या नोकऱ्या लागल्या असत्या.

त्यावर जूनमध्ये गेटवर फ्लेक्स लागतो: "100 टक्के प्लेसमेंट". एकाच मुलीच्या तीन ऑफर तीनदा मोजायच्या, केटीवाल्यांना आणि नाव न नोंदवलेल्यांना मोजायचंच नाही, आणि सर्वाधिक पॅकेज मोठ्या अक्षरांत छापायचं. पालकांनो, प्रवेशाची फी भरण्याआधी हे लेखी मागा: शेवटच्या वर्षाला एकूण मुलं किती होती, त्यांतली प्रत्यक्ष जॉइन किती झाली, आणि सगळ्यांचे पगार ओळीने लावले तर मधल्या मुलाला महिन्याला हातात किती मिळतात. टाळाटाळ झाली तर तिथेच, ऑफिसच्या खिडकीसमोर, मोठ्या आवाजात पुन्हा विचारा.