गल्लीतला कायमचा संशयित

मंगळवारी सकाळी दार उघडले, तो आमच्या गल्लीच्या रहिवासी मंडळाचे वयोवृद्ध चिटणीस एका हातात कचऱ्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात रंगीत चित्रांचा तक्ता घेऊन उभे होते. गल्लीत गुन्हा घडला असून त्याचा तपासही पूर्ण झाला आहे, हे मला तिथेच कळून चुकले. टोकियोत कचऱ्याचे वार ठरलेले असतात. आमच्याकडे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद एकदा आणि न जळणारा कचरा महिन्यातून दोनदा नेतात, आणि तो सकाळी आठच्या आत कावळ्यांपासून राखण्यासाठी घातलेल्या जाळीखाली ठेवावा लागतो. भलत्या वारी भलती पिशवी ठेवली तर सफाई कर्मचारी तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडून जातात. त्या दिवशी जळणाऱ्या कचऱ्यात बाटल्या निघाल्या होत्या, आणि आमच्या गल्लीत परदेशी माणूस मी एकटाच आहे.

पिशवी नियमाप्रमाणे पारदर्शक होती. आत साके या जपानी दारूच्या रिकाम्या बाटल्या, घोड्यांच्या शर्यतीच्या वर्तमानपत्रांची चळत आणि कंबरदुखीवर लावायच्या औषधी पट्ट्यांची पाकिटे स्पष्ट दिसत होती. चिटणीसांनी लवून नमस्कार केला आणि एकेक शब्द सुटा करत, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "हे. जळत. नाही." सोबत दहाही बोटे हलवून त्यांनी ज्वाळांचा अभिनय करून दाखवला.

मला येतील तितकी नम्र क्रियापदे गोळा करून मी जपानीत म्हणालो, "बाटल्या जळत नाहीत याची मला कल्पना आहे, परंतु ही पिशवी माझी नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "वा! आपले जपानी फारच छान आहे," असे म्हणून त्यांनी पुन्हा एकदा ज्वाळा करून दाखवल्या.

"ही वर्तमानपत्रे पाहा," मी म्हणालो. "शर्यतीची आहेत. इतकी कांजी मला वाचता येत नाहीत." कांजी म्हणजे जपानी लिहिताना वापरतात ती चिनी चित्राक्षरे.

"कांजीसुद्धा वाचता? कौतुक आहे!"

"येत नाहीत, असे म्हणालो मी."

"काय हा विनय! आपण अगदी आमच्यातलेच झालात."

मी पट्ट्यांकडे बोट दाखवले आणि माझी कंबर ठणठणीत असल्याचे सांगितले. त्यांनी माझ्या कंबरेकडे मोठ्या सहानुभूतीने पाहिले. "जमिनीवर झोपायची सवय नसते ना परदेशी लोकांना. त्रास व्हायचाच," ते म्हणाले.

हा संवाद चालू असताना समोरच्या घरातले गृहस्थ दारापुढची आधीच स्वच्छ असलेली जागा झाडत होते. रविवारी दुपारी त्यांच्या खिडकीतून शर्यतीचे धावते समालोचन सगळ्या गल्लीला ऐकू येते. त्यांचा एक हात झाडूवर होता आणि दुसरा कंबरेवर. मी त्यांच्याकडे पाहिले, चिटणीसांनीही पाहिले, आणि दोघांनी एकमेकांना अत्यंत आदराने नमस्कार केला. मग चिटणीस माझ्याकडे वळून म्हणाले, "पिशवी आपलीच आहे असे कोणीही म्हणत नाही. पुढच्या वेळी मात्र लक्षात ठेवा." एवढे बोलून, तक्ता माझ्या हातात आणि पिशवी माझ्या उंबऱ्यावर ठेवून ते निघून गेले. ज्याने मागची वेळच केलेली नाही त्याने पुढच्या वेळी नेमके काय लक्षात ठेवायचे, हे विचारायचे राहूनच गेले.

बाटल्यांचा वार येईपर्यंत ती पिशवी माझ्या बाल्कनीत मुक्कामाला होती. परक्या माणसाच्या बाटल्या मी विसळल्या, झाकणे वेगळी केली, वर्तमानपत्रे दोरीने बांधली आणि सगळे शिस्तीत नेऊन ठेवले, तेव्हा तिथल्या दोन बायका समाधानाने मान डोलावून म्हणाल्या, "सांगितले की शिकतात हो." तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु या गावाने २००३ साली शून्य कचऱ्याची घोषणा केली आणि तिथे कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. काम स्तुत्य आहेच. पण तिथे राहणाऱ्या एकुलत्या एका परदेशी माणसावर किती प्रकारचे आळ येत असतील, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो.

टोकियोतल्याच निशि-कासाई भागात राहिलो असतो तर बरे झाले असते. तिथे २००० सालच्या सुमारास भारतीय संगणक अभियंत्यांची वस्ती वाढली आणि आज तिथल्या रस्त्यावर भारतीय चेहऱ्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. २०२४ च्या अखेरीस या देशात साडेसदतीस लाखांहून अधिक परदेशी नागरिक राहत होते, म्हणजे शंभरातले तिघे. फक्त ते तिघे एका गल्लीत भेटत नाहीत. चेहरा तर लपवता येत नाहीच, त्यातून ओळखपत्रही सतत खिशात बाळगावे लागते. २०१२ साली सुरू झालेले हे रहिवासी कार्ड घरी विसरले तर दोन लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. परदेशी रहिवाशांच्या नोंदणीसाठी १९५५ पासून बोटांचे ठसे घेत असत, ते २००० साली पूर्णपणे बंद झाले. मात्र २००७ पासून विमानतळावर पुन्हा बहुतेक परदेशी प्रवाशांची बोटे यंत्रावर ठेवून घेतात. नियम आहेत, ते मी पाळतो, आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच की चारचौघांत हरवून जाण्याची जी सोय इथल्या प्रत्येकाला जन्मतः फुकट मिळते, ती मला कोणत्याही कार्यालयात अर्ज करून मिळत नाही. बाहेर कुठे माझ्या हातून काही चांगले घडले तर श्रेय भारताला मिळते, आणि गल्लीत वाईट घडले की पत्ता माझा असतो.

काल रात्री स्टेशनजवळ एका तरुण हवालदाराने माझी सायकल थांबवली. इथे प्रत्येक सायकलची नोंदणी असते आणि ती चोरीची नाही ना हे पाहण्याचा त्याला अधिकार आहे. त्याने चौकटीवरचा क्रमांक विजेरीच्या उजेडात वाचला, बिनतारी यंत्रावरून कोणाला तरी कळवला आणि उत्तर येईपर्यंत माझे कार्ड दोन्ही बाजूंनी न्याहाळले. सगळे बरोबर निघाले. "सहकार्याबद्दल आभार. आपले जपानी छान आहे," तो म्हणाला, मी तोवर एक शब्दही बोललो नव्हतो. नेमक्या त्याच वेळी त्याच्या पाठीमागून एक मुलगा मित्राला मागे बसवून, दिवा न लावता, एका हातात फोन धरून, लाल सिग्नल ओलांडून सुसाट निघून गेला. हवालदार अजून माझे कार्ड परत पाकिटात नीट घालून देण्यात गुंतला होता.