नर्मदा आली तेव्हा मी अंधारात होतो

मुंज होऊन तिसरा दिवस. इंदुरातल्या रामबागेत आमच्या घरात पाहुणे अजून 11, न्हाणीघर एक, आणि त्या न्हाणीघरात आतून कडी घालून, दिवा मालवून, उपड्या बादलीवर बसलेला मी. दाराच्या फटीत सतरंजी कोंबलेली, झरोक्यावर काळं कांबळं. मे महिना. सकाळचे नऊ वाजले होते आणि बनियन पाठीला चिकटलं होतं.

"काय करून राहिलास तू आत?" आत्यानं दार वाजवलं.

"रोल धुतोय."

बाहेर क्षणभर शांतता. मग आत्या कोणाला तरी म्हणाली, "तरी मी सांगत होते, रात्री सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यांवर एवढं खाऊ नका."

न्हाणीघरात कॅमेऱ्याचा रोल धुण्याची वेळ आली, या सगळ्याला काकू जबाबदार आहे.

आमच्या घरात फोटो काढणं सोपं, तो टिकवणं अवघड. डिजिटल कॅमेऱ्याचं बटण दाबायचा अवकाश, की "दाखव, दाखव" करत पाच जण मागच्या पडद्याशी गोळा होतात. या मंडळाची अध्यक्ष काकू. ती कपाळावरचा चष्मा नाकावर घेते आणि निकाल देते. "मान कुठेय यात माझी? काढ." मराठीत फोटो काढायलाही 'काढ' आणि काढून टाकायलाही 'काढ'. काकू बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थानं म्हणते.

यंदा तर तिच्याच नातवाची मुंज, आणि तिनं जाहीर केलं की माझा एकही फोटो नको. कारण केस. रंगाची पुडी आदल्या दिवशी कालवायची ठरली होती, पण त्या दिवशी नळ कोरडा. इंदुरात नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, घाट चढून ती 1978 पासून येते आहे, आणि तीही आमच्याकडे एक दिवसाआड. त्यामुळे तिच्या येण्याजाण्याबद्दल आम्ही माहेरवाशिणीबद्दल बोलावं तसं बोलतो. आली का? किती वेळ थांबली? या खेपेला जरा अशक्तच वाटली. तर ती त्या दिवशी आली नाही, आणि काकू पांढऱ्या केसांनी मांडवात उभी राहिली.

मुंजीचे मी डिजिटलवर 1,140 फोटो काढले. त्यातले काकूचे 41 तिनं शेजारी बसून, एकेक करून काढायला लावले.

पण गळ्यात दुसराही कॅमेरा होता. काकांचा जुना, फिल्मचा झेनिट. सोव्हिएत बनावटीचा, वजनाला वरवंट्यासारखा, आणि शटरचा आवाज असा की पहिल्या खटक्याला गुरुजी मंगलाष्टकाची ओळ विसरले. काकूनं तो उलटा करून पाहिला. मागे नुसतं काळं कातडं. "यात काही दिसत नाही. बंद पडलाय," असं म्हणून तिनं तो परत दिला, आणि त्यानंतर दिवसभर ती त्याच्यासमोर इतक्या मोकळेपणानं वावरली, की एवढी मोकळी मी तिला गेल्या दहा वर्षांत पाहिली नव्हती.

फिल्मचे फोटो जास्त चांगले येतात असं मानणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मांडवात उजेड कमी झाला तर डिजिटलवर आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, 6400 करता येतो. फिल्मचा रोल 400 चा घातला की शेवटपर्यंत 400, मग अंधार पडो नाहीतर ऊन. डिजिटलमध्ये चूक लगेच दिसते, फिल्ममध्ये ती महिनाभर पोटात राहते. आणि पैसे! रोल हजाराच्या घरात, त्यात फोटो 36. म्हणजे दर खटक्याला एक प्लेट पोहे. सुरुवातीला या हिशेबानं माझा हात थरथरायचा. आता उलट सोय वाटते. पेंगणारे गुरुजी? एक प्लेट, जरूर. आहेराचं पाकीट हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणारे साडू? ते डिजिटलवर. भिक्षावळीत स्वतःच्याच झोळीतला लाडू खाणारा बटू? पोहे, वर जिलबीही. एवढं मोजून काढलेला फोटो निदान लक्षात तरी राहतो. त्या 1,140 मधला एकही मला आत्ता डोळ्यांसमोर आणता येणार नाही.

मुख्य म्हणजे झेनिटचं मंडळ भरत नाही. "दाखव" म्हटलं तर दाखवायला काही नसतं.

फक्त पुढे रोल धुवावा लागतो. पूर्वी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत टाकला की दोन दिवसांत पाकीट मिळायचं. आता तिथला माणूस रोल हातात घेऊन कौतुकानं म्हणाला, "भिया, ये तो अब कोई नहीं धोता," आणि चहा पाजून परत पाठवला. म्हणून न्हाणीघर. घरच्यांची परवानगी काढताना मी एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांचाही आधार घेतला. 1866 साली याच इंदुरात ते बांधकाम खात्यात नोकरीला लागले, महाराज दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांच्या फोटोग्राफीला उत्तेजन दिलं, आणि तेव्हा तर फिल्मऐवजी रसायन लावलेली काच असे, ती ओली असतानाच फोटो घेऊन तिथल्या तिथे धुवावी लागे. काकू म्हणाली, "त्यांना पाणी भरावं लागत नव्हतं."

सिनेमात दिसतो तो लाल दिवा कागदावर फोटो छापताना चालतो. रोलला लालही दिसतं, त्याला ठार अंधार लागतो. त्या अंधारात सोड्याच्या ओपनरनं रोलच्या डबीचं झाकण उचकटायचं, आणि दीड मीटर फिल्म प्लास्टिकच्या फिरकीवर बोटांच्या अंदाजानं चढवायची. फिरकी कोरडी ठणठणीत हवी. थेंबभर ओल लागली तरी फिल्म जागच्या जागी चिकटते, पुढे जात नाही, मागे येत नाही. माझ्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचला होता, आणि मी मान मागे टाकून, छताकडे न दिसणारे डोळे लावून, पंधराव्या-सोळाव्या फोटोपर्यंत आलो होतो.

तेवढ्यात नळ खाकरला.

इंदुरात वाढलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही कळतो. आधी नुसती हवा, मग घशातल्यासारखी खरखर. कोणीतरी काल नळ उघडाच ठेवला होता. मी दोन्ही हात डोक्यावर नेले, आणि नर्मदामाई थेट माझ्या मांडीवर अवतरली.

बाहेर एकच गलका. "आली! आली!" बादल्या, हंडे, टाकीची मोटर. आत्या दारावर दोन्ही हातांनी. "अरे, नर्मदा आली, उघड!"

"मला कळलंय, आत्या."

"मग दिवा तरी लाव!"

गुडघ्यानं नळ बंद केला. कसा, ते विचारू नका. परत जमणार नाही. फिरकीला दोनचार थेंब लागलेच होते. बनियन ओलं, टॉवेल बाहेर. शेवटी झरोक्याखाली चाचपडत कांबळ्याचं कोरडं टोक सापडलं, त्यानं पुसली, आणि उरलेली फिल्म एकेका फोटोच्या वेगानं चढवली. फिरकी रोल धुण्याच्या छोट्या, उजेडबंद टाकीत ठेवली, तिचं झाकण बसल्याचा खट् आवाज आला तेव्हा मी दिवा लावला आणि दार उघडलं. 11 माणसं मला ओलांडून आत गेली.

त्यानंतरचं सगळं उजेडात, ओट्यावर. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, 20 अंशांवर लागतो. आमच्या पिंपातलं पाणी 34 वर होतं. म्हणून पन्ह्यासाठी जमवलेला बर्फ बादलीत गेला, त्यात डेव्हलपरची बाटली, आणि पाहुण्यांनी कोमट पन्हं पिऊन मला जे काय म्हणायचं ते म्हटलं. 13 मिनिटं. दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटीसुलटी. वेळ मोजायला मुंजा, शेंडी सावरत, आजोबांचं घड्याळ घेऊन. काका पेपर वाचत होते. टकलावर पंख्याचा वारा घेत ते पेपरामागूनच म्हणाले, "जोरात नको. ताक नाही करायचंय." डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ ओतल्यावर व्हिनेगरचा वास सुटला आणि आईनं लोणच्याच्या बरण्या तपासल्या. चित्र पक्कं करणारा फिक्सर ओतला तेव्हा मात्र काकांनी पेपर खाली घेतला, दीर्घ श्वास घेतला आणि "हायपो" एवढाच, फिक्सरच्या जुन्या नावाचा शब्द उच्चारला. अगरबत्तीबद्दल बोलावं तसा.

शेवटची धुलाई वाहत्या पाण्याखाली करतात. पण फिल्म बनवणाऱ्या इलफर्ड कंपनीनं एक काटकसरीची रीतही दिलेली आहे: टाकी भरून 5 वेळा उलटी करायची, पाणी ओतायचं, पुन्हा भरून 10 वेळा, पुन्हा भरून 20 वेळा. ही रीत इंदुरात कोणी शोधली नाही याचं मला नवल वाटतं. पाणी आईनं तुळशीला घालू दिलं नाही, ते बरंच झालं.

मग दोरीवर, काकूच्या नऊवारीशेजारी, दोन चिमट्यांना लटकलेली फिल्म. सुकली की तिचा फोटो मी डिजिटल कॅमेऱ्यानंच काढणार, तो संगणकावर उलटा करणार, आणि मग तो दिसणार. हे मी आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे फोटोचा फोटो? मग पहिल्यांदाच त्यानंच का नाही काढलास?" याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते काकूसमोर देता येण्यासारखं नव्हतं, आणि काकू आलीच होती.

तिनं चष्मा नाकावर घेतला. फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली. माझ्या पोटात गोळा. बटूला घास भरवताना तोंड उघडं टाकून हसणारी काकू, एकदा नव्हे, सलग तीनदा. तीन प्लेट पोहे.

"ही मी?"

"हो."

ती बराच वेळ बघत राहिली. पोस्टाच्या तिकिटाएवढी चौकट. दात मिश्री लावल्यासारखे, चेहरा कोळशासारखा, आणि डोक्यावर... काळेभोर केस. अंबाडा तर नुसता चकाकत होता.

"निगेटिव्हमध्ये काय होतं, काकू, की जे पांढरं..."

"गप रे," आई म्हणाली.

"चेहरा जरा रापलाय," काकू म्हणाली. "उन्हाळा आहे, व्हायचंच. पण केस बघ किती छान आलेत!" तिनं फिल्म आत्याला दाखवली, मावशीला दाखवली, मुंजाला दाखवली. "हा राहू दे. ग्रुपवर टाक. आणि ते उलटंबिलटं काही करू नकोस. असाच टाक."

काकांनी पेपराची घडी केली, टकलावरून हात फिरवला, आणि उठून खिडकीशी आले.

"माझा एखादा आहे का रे त्यात?"