२५२० ही ‘अजब’ संख्या आणि तिच्या नावावरच्या थापा

२२ डिसेंबरची रामानुजन जयंती जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो, मराठीतून आणि कन्नडमधूनही. १ ते १० या सर्वांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या. जगाला न सापडलेली ती रामानुजन यांनी शोधली. आणि तिचं गुपित ७ × ३० × १२, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस, वर्षाचे महिने. भाग जातो, एवढं खरं आहे.

एकमेव? ५०४० ला भाग घालून बघा. ७५६० ला, १००८० लाही जातो. २५२० च्या प्रत्येक पटीला जातो. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेतला लसावि. मुलं इथे दहाही संख्या गुणत सुटतात आणि ३६,२८,८०० वर पोचतात. तिलाही भाग जातो, पण ती १४४० पट मोठी. घ्यायचे ते फक्त प्रत्येक मूळ संख्येचे सर्वांत मोठे घात: ८, ९, ५ आणि ७. यांचा गुणाकार २५२०. ४, ६, १० यांत आपोआप येतात. ११ ने भागलं तर मात्र बाकी १ उरते.

जगाला सापडली नव्हती, हे तर अगदीच हवेतलं. लसावि काढायची रीत ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ ग्रंथाच्या सातव्या खंडात आहे. नवव्या शतकात आपल्याकडचे गणिती महावीराचार्य यांनी अपूर्णांकांच्या बेरजेसाठी छेदांचा लसावि सांगितला, त्याला ‘निरुद्ध’ म्हटलं.

आता ते ‘गुपित’. गुणाकार बरोबर, कारण चुकीचं. ७, ३० आणि १२ यांचा लसावि ४२० आहे, आणि ४२० ला ८ ने जात नाही, ९ नेही नाही. ३० आणि १२ मध्ये ६ सामाईक आहे. सरळ गुणाकारात तो ६ दोनदा मोजला जातो आणि नेमके कमी पडणारे २ व ३ पुरवतो. योगायोग आहे, कॅलेंडरचा काही संबंध नाही. शिवाय ३० × १२ = ३६०; असं वर्ष भिंतीवरच्या कुठल्या दिनदर्शिकेत असतं?

रामानुजन यांचं खरं काम याहून कितीतरी भारी आहे. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जिला जास्त विभाजक आहेत, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये मोठा निबंध लिहिला. २५२० त्यांतलीच एक. २५२० = २³ × ३² × ५ × ७. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं: ४ × ३ × २ × २ = ४८ विभाजक. तिच्याआधी कुणालाही एवढे नाहीत. रामानुजन यांची अशा संख्यांची यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते. हिला १०,०८० विभाजक. यादीत एकच संख्या निसटली, २,९३,३१,८६,२५,६००. गंमत म्हणजे यादीतल्या शेवटच्या संख्येला २३ ने भागलं की हीच हाती येते.