दहावीचा शेवटचा पेपर झाला की क्लासची फी भरण्याआधी ही कामं उरका

सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहीत आहे. पोस्ट लांब आहे, सेव्ह करून सावकाश वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपली पोरं बुद्धीत कमी पडत नाहीत. ती दोन ठिकाणी अडकतात: पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) पहिल्या काही महिन्यांतल्या इंग्रजीत आणि प्रवेशाच्या कागदांत. एसएसएलसी, म्हणजे दहावी, संपल्यापासून पीयूसी सुरू होईपर्यंत जे दोनेक महिने मिळतात, त्यात ही दोन्ही कामं जवळपास फुकटात होतात. पण बेळगाव, खानापूर, निपाणीत त्या काळात घरोघरी एकच चर्चा चालते, कुठला क्लास लावायचा. लाखभर रुपये भरून क्लासला बसलेल्या पोराला फळ्यावरचं इंग्रजीच उमगत नसेल, तर तो पैसा पाण्यात गेला.

इंग्रजीची अडचण नेमकी कुठे येते ते बघा. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलेलं पोर सायन्सच्या वर्गात बसतं. सर ‘मोमेंटम’ म्हणतात. पोराला संवेग पाठ आहे, सूत्र येतं, गणितही सुटतं. पण हा आपलाच संवेग, हे डोक्यात यायला वेळ लागतो आणि तोवर सर पुढच्या मुद्द्यावर पोचलेले असतात. त्वरणाचं ॲक्सिलरेशन, अपवर्तनाचं रिफ्रॅक्शन, क्षपणाचं रिडक्शन, असं दर तासाला होत राहतं. दिवाळीपर्यंत पोर स्वतःलाच ढ समजायला लागतं. विषय त्याला येत असतो, फक्त त्याची इंग्रजी नावं माहीत नसतात.

यावर उपाय हाताशी आहे. कर्नाटकाची नववी-दहावीची विज्ञान आणि गणिताची पुस्तकं एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकांवर बेतलेली आहेत आणि आपलं मराठी पुस्तक हे त्याच इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर आहे. धडे तेच, आकृत्या त्याच, उदाहरणांतले आकडेही तेच. इंग्रजी पुस्तकाची पीडीएफ राज्याच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या वेबसाइटवर फुकट मिळते. दोन्ही पुस्तकं एकाच वर्षाच्या आवृत्तीची घ्या. मधल्या काळात काही धडे गाळले गेले आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या आवृत्त्यांत क्रम जुळत नाही.

आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. आधी नववीतले गती आणि बल, मग दहावीतले वीज, प्रकाश, रासायनिक अभिक्रिया आणि कार्बन. पीयूसीत हेच धडे मोठे होऊन परत येतात. गणितात त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमिती. रोज फक्त दोन पानं. मराठी पान मनात वाचा, तेच इंग्रजी पान मोठ्याने वाचा. एका दोनशे पानी वहीत तीन उभे रकाने आखा: मराठी संज्ञा, इंग्रजी शब्द स्पेलिंगसह, आणि तो शब्द ज्यात आला ते पुस्तकातलं छोटं वाक्य. तिसरा रकाना गाळू नका. नुसता शब्द पाठ होतो पण उत्तरात वापरता येत नाही, तो या रकान्यामुळे वापरता येतो. रोज १५ शब्द धरले तर सहा आठवड्यांत ६३० होतात. पहिल्या पीयूसीची पुस्तकं उघडायला एवढी शिदोरी पुष्कळ झाली.

इथे पोरं दोन चुका करतात. एक, उच्चार देवनागरीत लिहून ठेवतात आणि मग परीक्षेत स्पेलिंग हातातून उतरत नाही. दुसरी, नुसतं वाचतात, लिहीत नाहीत. दहा दिवस झाले की पुस्तक मिटून रोज एक उत्तर चार-पाच ओळींत इंग्रजीत लिहायला घ्या. वाक्यं आखूड ठेवा. आणि प्रश्नातलं क्रियापद ओळखायला शिका: डिफाइन, स्टेट, डिराइव्ह, डिस्टिंग्विश, जस्टिफाय. ‘डिराइव्ह’ विचारलं असताना व्याख्या आणि सूत्र लिहून मोकळं होणाऱ्याचे मार्क जातात, विषय कितीही येत असला तरी.

कन्नडही सोडू नका. राज्य सरकारच्या नोकरीला ती लागते, नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या महसूल कार्यालयात) लागते, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या कारखान्यातही लागते. मराठीवरचं प्रेम त्याने तसूभरही कमी होत नाही.

आता शाखेबद्दल. ‘हुशार असेल तर सायन्स’ हा हिशेब आपण सोडून द्यायला हवा. इंजिनिअरच व्हायचं असेल तर पीयूसीची दोन आणि पदवीची चार मिळून सहा वर्षं लागतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलात, तरी तीन अधिक तीन सहाच होतात. फरक एवढाच, की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षाअखेर नोकरी मिळण्याजोगं प्रमाणपत्र असतं. घरची ओढाताण असेल तर तो तिथे थांबू शकतो. दोन वर्षं पीयूसी करून थांबलेल्याच्या हातात तसं काही नसतं. डिप्लोमाचा कच्चा दुवा गणित आहे. पदवीला गेल्यावर पीयूसीवाल्यांच्या बरोबरीने कॅल्क्युलस करावं लागतं, म्हणून डिप्लोमा चालू असतानाच पीयूसीचं गणिताचं पुस्तक सोडवत राहा. आयटीआयला कमी लेखू नका. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन या दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शिवाय उद्यमबाग, मच्छे, होनग्याची फाउंड्री आणि मशीन शॉप घरापासून बसच्या अंतरावर आहेत.

सायन्स घेतलंच असेल तर पहिली पीयूसी हलक्यात घेऊ नका. बोर्डाचे मार्क दुसऱ्या वर्षाचे धरतात म्हणून पोरं पहिलं वर्ष घालवतात आणि तिथेच फसतात. केसीईटीत, म्हणजे कर्नाटकाच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, देणाऱ्यांनी तर हे नीट ऐका. त्या परीक्षेत साधारण ८० टक्के भार महाराष्ट्राच्या बारावीवर असतो. आणि महाराष्ट्राच्या बारावीच्या फिजिक्समध्ये परिवलन गती, द्रवांचे गुणधर्म, वायूंचा गत्यात्मक सिद्धांत, उष्मागतिकी, दोलनं हे धडे आहेत, जे आपल्याकडे पहिल्या पीयूसीत होऊन जातात. पहिलं वर्ष ज्याने सोडलं, त्याने त्या पेपरचा मोठा तुकडा सोडला. गणितात त्यांच्याकडे तर्कशास्त्राचा आणि रेषांच्या जोडीचा धडा आहे, तो वेगळा करावा लागतो. बालभारतीची बारावीची पुस्तकं ऑनलाइन फुकट आहेत. नवा क्लास लावायची गरज नाही, दोन्ही अनुक्रमणिका समोर ठेवून न जुळणाऱ्या धड्यांवर खूण करा.

केसीईटीत प्रत्येक विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद. चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे उत्तरपत्रिकेवरचा एकही गोल रिकामा ठेवू नका. इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूसीचे फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताचे मार्क निम्मे आणि केसीईटीचे निम्मे धरतात, तेव्हा बोर्ड सोडून नुसती सीईटी करणं हा तोट्याचा व्यवहार आहे. मेडिकलच्या नीट परीक्षेचं गणित उलटं: बरोबरला ४, चुकीला उणे १. तिथे अंदाजपंचे गोल रंगवू नका. नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. केंद्र बेळगाव घेणार असाल तर तयारी इंग्रजीतूनच करा.

दोन्ही राज्यांचे दरवाजे आपल्याला उघडे आहेत, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं. महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत उमेदवारीचे प्रकार असतात. वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तिथूनच दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्यांसाठी टाइप ई आहे. त्याला सीमाभागातल्या रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो, तोही माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच. पोरं सायबर कॅफेत बसून घाईत ‘महाराष्ट्राबाहेरील’ हा पर्याय निवडतात आणि राज्याच्या कोट्यातल्या जागांना स्वतःच मुकतात. तो रकाना तुम्ही स्वतः वाचा, कॅफेवाल्यावर सोडू नका.

कर्नाटकातल्या कॉलेजांच्या सरकारी कोट्यातल्या जागांसाठी मुख्य नियम असा: पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण. म्हणजे दहावीपर्यंत बेळगावजवळच्या येळ्ळूरला शिकून अकरावी-बारावी कोल्हापूरला केली तरी हक्क जात नाही. उलट महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दहावी करून पीयूसीसाठी बेळगावला आलेल्याची इथली दोनच वर्षं भरतात. पोरगं शाळा बदलतंय तेव्हाच हा हिशेब करा.

खेड्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्यांसाठी ग्रामीण कोटा फार मोलाचा आहे. १५ टक्के जागा, अट अशी की पहिली ते दहावी पूर्ण दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. एक वर्ष जरी शहरातल्या शाळेत गेलं तरी हक्क संपला. दोन शाळा झाल्या असतील तर दोन्हींचे दाखले लागतात, मुख्याध्यापकांची सही आणि वर गटशिक्षणाधिकाऱ्यांची (बीईओंची) सही. मे-जूनमध्ये त्या ऑफिसात गर्दी उसळते, तेव्हा दहावीच्या सुट्टीतच ते करून ठेवा. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागास प्रवर्गात येतो. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढा, त्यावरचा आरडी नंबर सगळ्या अर्जांत लागतो आणि दाखल्याची मुदतही तपासा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर इंजिनिअरिंगला एसएनक्यू नावाच्या ५ टक्के जादा जागा असतात, त्यात ट्यूशन फी माफ होते. इतर शुल्क भरावं लागतं. हे सगळे हक्क केसीईटीच्या अर्जातच मागायचे असतात. रँक आल्यावर आठवून उपयोग नाही.

ऑप्शन एंट्रीत, म्हणजे ऑनलाइन पसंतीक्रम भरताना, कॉलेजं आपल्या आवडीच्या क्रमाने लावा, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने लावू नका. वरचं मिळालं नाही तर यंत्रणा आपोआप खालच्याकडे येते. जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत घालू नका, कारण नेमकं तेच मिळतं. मॉक अलॉटमेंट (जागांचं तात्पुरतं, नमुन्याचं वाटप) बघून क्रम बदलता येतो. जागा मिळाल्यावर चार चॉईस असतात: पहिला, घेतली आणि विषय संपला, दुसरा, घेतली पण वरची मिळाली तर बघू, तिसरा, ही नको, पुढची फेरी, चौथा, प्रक्रियेतूनच बाहेर. बहुतेकांना दुसरा बरा. फक्त लक्षात ठेवा, वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप जाते, म्हणून मन नसलेलं कॉलेज वर राहू देऊ नका.

खर्चाचा हिशेब फीवर करू नका, पूर्ण वर्षाच्या खर्चावर करा. समजा घराजवळच्या कॉलेजची फी वर्षाला ४० हजार आणि येण्याजाण्याला ५ हजार. चार वर्षांचे १ लाख ८० हजार. लांबच्या कॉलेजची फी २५ हजारच, पण खोली आणि मेस महिन्याला ६ हजार, दहा महिने. वर्षाचे ८५ हजार, चार वर्षांचे ३ लाख ४० हजार. स्वस्त फीचं कॉलेज १ लाख ६० हजारांनी महाग पडलं. मुलींना शक्ती योजनेमुळे कर्नाटकात साध्या बसचा प्रवास फुकट आहे, त्यांच्या बाबतीत रोज ये-जा करण्याचा पर्याय आधी तपासा. लांब जायचंच असेल तर मागासवर्ग कल्याण खात्याच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच आठवड्यात टाका, आणि तिथे जागा नाही मिळाली तर खोली-जेवणासाठी मदत देणाऱ्या विद्यासिरी योजनेचा.

राहिली शिष्यवृत्ती. एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज बहुतेक वेळा नावावरून अडतात. मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं इनिशियल. ‘जाधव’ एका कागदावर एच घालून, दुसऱ्यावर एचशिवाय. दहावीचं मार्क्स कार्ड प्रमाण धरा आणि आधार, बँक, दाखले त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मार्क्स कार्डच चुकलं असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे लगेच अर्ज करा, जितका उशीर तितका त्रास. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि पोरं इथे गोंधळतात: खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि सरकारी पैसे येण्यासाठी ते खातं एनपीसीआयला (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेला) जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं. मध्येच दुसरं खातं उघडताना तिथे संमतीची सही केली असेल, तर पैसे त्या खात्यात जातात आणि ते बंद पडलं असेल तर परत फिरतात. बँकेत जाऊन पोराच्या नावावरचं वापरात असलेलं खातं जोडून घ्या आणि आधारच्या वेबसाइटवर कुठली बँक दिसते ते पाहा. अर्ज भरून झाला की प्रिंट आणि कागद कॉलेजच्या ऑफिसात द्या. कॉलेजने पडताळणी केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून आठवड्याने पोर्टलवर स्टेटस उघडा, आणि तिथेच अडकलेला दिसला तर क्लार्कसमोर उभं राहून करून घ्या.