जेलचे बेड रिकामे पडलेत? घाबरू नका

समजा तुम्ही न्यू जर्सीतल्या एखाद्या काउंटीचे कमिशनर झालात, जेलमधे निम्मे बेड रिकामे आणि बजेट काही केल्या जुळत नाही. आइसला, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन पोलिसांना, फोन लावा. ते परदेशी माणसं ठेवायला देतात, हडसन काउंटीला माणशी दिवसाला 120 डॉलर मिळायचे, आणि हे लोक कसली शिक्षा भोगत नसतात बरं का, इमिग्रेशनची केस दिवाणी असते, पण कुलूप तेच नि कोठडी तीच, म्हणजे जास्तीचा खर्च काही नाही.

तुम्ही डेमोक्रॅट आहात? मग तर अजून सोपं, सकाळी ट्रम्पविरोधी मोर्चा, संध्याकाळी बिल पाठवायचं. हडसनवाल्यांकडून शिका. 2018 मधे म्हणाले, 2020 पर्यंत कॉन्ट्रॅक्ट बंद करू. नोव्हेंबर 2020 मधे लोकांचं तासन् तास ऐकून घेतलं, बोलणारे जवळपास सगळे विरोधात, आणि मग निवांतपणे आणखी 10 वर्षांपर्यंत मुदत वाढवायला मंजुरी दिली. लोकांचं ऐकत नाहीत म्हणे!

मग ऑगस्ट 2021 मधे गव्हर्नर फिल मर्फींनी कायद्यावर सही केली की नवा करार नाही, जुना वाढवायचा नाही, काउंटीने नाही आणि खासगी कंपनीनेही नाही. एसेक्स काउंटी हुशार, तिने गिऱ्हाईकच बदललं, आइसने ठेवलेली माणसं काढून शेजारच्या युनियन काउंटीचे कैदी घेतले. आणि ती माणसं सुटली असं वाटलं का तुम्हाला? बरीचशी दुसऱ्या राज्यांत हलवली, वकील आणि बायकापोरं राहिली इकडेच.

या कायद्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर काउंटी म्हणून जाऊ नका, इलिनॉयमधल्या मॅकहेन्री आणि कॅन्काकी काउंट्या तिथल्या अशाच कायद्याविरुद्ध गेल्या आणि 2022 मधे हरल्या. कंपनी काढा. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात आइसची माणसं ठेवायचं सेंटर चालवणारी खासगी कंपनी कोअरसिव्हिक गेली, म्हणाली राज्य फेडरल कामात लुडबुड करतंय, आणि तिच्या बाजूने उभं कोण राहिलं, तर बायडनचं सरकार! 2023 मधे ती जिंकली, जुलै 2025 मधे अपिलातही, 2 विरुद्ध 1.

जागेचीही चिंता नको. नेवार्कचं डेलनी हॉल बघा, 1,000 बेड, जिओ ग्रुप या दुसऱ्या खासगी कंपनीचं आइसबरोबर 15 वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आणि जागा कुठे, तर एसेक्स काउंटीच्या त्याच जेलला खेटून. मे 2025 मधे तिथे गेलेल्या मेयर रास बराकांनाच अटक झाली (केस नंतर मागे घेतली). जूनमधे चौघं भिंत फोडून पळाले, तेव्हा भिंतीवर तेवढा जरा खर्च करा.

आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळींनो, नेवार्क एअरपोर्टला पाहुणे आणायला जाता ना, एलिझाबेथचं सेंटर तिथेच जवळ आहे. पण तुमचा काय संबंध, तुमचे कागद पक्के. फक्त घर बदललं की 10 दिवसांत पत्ता कळवायचा असतो, ग्रीन कार्डवाल्यांनीसुद्धा. कळवलाय ना?